कोरड्या कढईतले धणे

(पडद्यावर जाड बुडाची कढई, खाली मंद आच. संगीत नाही. धणे कढईत पडतात, तेवढाच आवाज.)

हा आवाज धण्यांचा. कढईत तेलाचा थेंबही नाही.

घरची पनीरची भाजी चवीला छान होते, पण हॉटेलसारखी होत नाही, असं आपण कितीदा म्हणतो. मग कधी मलई वाढवतो, कधी काजू. माझं ठाम मत आहे की मलई फार पुढची गोष्ट. चव ठरते ती इथे, तेल पडायच्या आधी.

(जवळून: दाणे.)

2 मोठे चमचे धणे. पहिलं मिनिट काहीच घडत नाही आणि हात आपोआप गॅसच्या बटणाकडे जातो. आच वाढवू नका. आधी दाण्यातला ओलावा निघून जातो. मग त्यातली साखर आणि प्रथिनं तापून वेगळेच वास तयार होतात. भाजलेल्या शेंगदाण्यांचा खरपूसपणाही असाच येतो. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला रंग एक छटा गडद होतो. दाणा बोटांत दाबला की कट्‌कन फुटतो. आता 1 छोटा चमचा जिरं आणि अर्धा चमचा मिरी. जिऱ्याला मिनिटभर पुरे. गॅस बंद केल्यावर, तापल्या कढईतच, 4 सुक्या काश्मिरी मिरच्या फिरवून घ्यायच्या.

मी सुरुवातीला सगळं एकदम टाकायचे. धणे भाजून होईपर्यंत जिरं काळं पडायचं आणि अख्खी भाजी कडू व्हायची. करपलेला मसाला साखरेने सावरत नाही, टोमॅटोने तर नाहीच. जीव हळहळला तरी तो टाकून द्यावा आणि नव्याने भाजावा.

मसाला ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. गरम कुटला तर वाफेने गोळा होतो. मग खलबत्ता. भरड हवी, पीठ नको. खाताना धण्याचा तुकडा दाताखाली आला पाहिजे.

(कढईत तेल. कांदा पडतो.)

3 मध्यम कांदे, बारीक चिरलेले, मध्यम आचेवर निदान 15 मिनिटं. टोमॅटोची घाई नको. त्याच्या पाण्याने कांद्याला रंग चढत नाही आणि आंबटपणाने तो लवकर मऊही पडत नाही. कांदा तांबूस झाला की आलं-लसूण, त्याचा कच्चा वास गेला की 3 टोमॅटो वाटून.

‘तेल सुटेपर्यंत परता’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्यामागचं कारण साधं आहे. वाटणात पाणी आहे तोवर ते 100 अंशांच्या आसपासच अडकून राहतं. शिजतं, पण परतलं जात नाही. पाणी आटलं की तापमान चढतं, तेल कडेला दिसू लागतं आणि कढईचा आवाज बदलतो. आधी बुडबुड, आता चुरचुर. हॉटेलात ही ग्रेव्ही आधीच करून ठेवलेली असते आणि शेवटी मोठ्या आचेवर परतली जाते. घरच्या गॅसला तेवढा वेळ द्यावा लागतो.

तेल सुटलं की लगेच कुटलेला निम्मा मसाला आणि मीठ. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही; म्हणून मसाला पाण्याच्या आधी. मग कढत पाणी, वाटीभर. गार पाण्याने उकळी मोडते.

ढोबळी मिरचीचे चौकोनी तुकडे, पाव किलो पनीर, आणि 4-5 मिनिटं. पनीर वितळत नाही, पण फार उकळलं तर चिवट होतं.

उरलेला मसाला आता. सुरुवातीचा निम्मा शिजून ग्रेव्हीत मुरला, त्याचा सुगंध बराचसा वाफेबरोबर गेला. हा निम्मा फक्त वासासाठी. सोबत तव्यावर जरा गरम करून तळहातांवर चुरलेली कसुरी मेथी. मलई घालायचीच तर चमचाभर. गॅस बंद. झाकण. 5 मिनिटं कुणी उघडायचं नाही.

(झाकण उचललं जातं. वाफ.)

वर लालसर तर्री. आणि पहिला वास, धण्याचा.