ठेका एफएलमध्ये, गळा रीपरमध्ये

नमस्कार मंडळी. आज पंखा बंद करून बोलतोय बरं का, सवयच लागलीय आता, मे महिना असो नाहीतर काही असो, माइक चालू झाला की हात आपोआप रेग्युलेटरकडे जातो. घरात रेकॉर्डिंग करणाऱ्या सगळ्यांचं हेच असणार. शेजारच्या कुकरच्या किती शिट्ट्या होतात हे आपल्याला शेजारणीपेक्षा जास्त पाठ असतं.

आज बोलायचंय ते एफएल स्टुडिओ आणि रीपर, या कॉम्प्युटरवर गाणं बनवायच्या दोन सॉफ्टवेअरबद्दल. मागे एका कॉलेजच्या पोराने व्हॉइस मेसेज पाठवला होता, "दादा, एफएल घेऊ का रीपर घेऊ, एकच सांग." मी म्हणलं दोन्ही वापर. तर त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. चेष्टा नाही, माझं स्वतःचं काम तसंच चालतं, ठेका आणि सिंथ, म्हणजे कॉम्प्युटरने तयार केलेले सूर, एफएलमध्ये, गळा आणि खरी वाद्यं रीपरमध्ये, मिक्स, म्हणजे सगळे आवाज एकमेकांत नीट बसवणं, तेही रीपरमध्येच.

हे असं का, तर प्रत्येक सॉफ्टवेअरचा जन्म वेगळ्या कामासाठी झालाय. एफएल म्हणजे १९९७ मध्ये आलेलं फ्रूटीलूप्स, बेल्जियमचं, आणि मुळात ते ठोके भरायचं खेळणंच होतं, चौकोन दाबला की ठोका वाजतो. आजही ठेका त्याच्याइतका पटकन कुठेच बसत नाही असं माझं मत आहे, मिरवणुकीची डीजे गाणी करणारी निम्मी पोरं त्यावर उगाच नाहीत. उघडलं की सोळा चौकोन दिसतात म्हणून लोकांना वाटतं यात फक्त चारचाच हिशोब, पण तसं नाही, एका मात्रेला चार चौकोन धरा, रूपकाच्या सात मात्रांना अठ्ठावीस चौकोन करा, झालं काम. आणि रीपर बनवलंय जस्टिन फ्रँकेलने. हे नाव ओळखीचं नसेल पण कॉम्प्युटरवर गाणी ऐकायचं ते विनॅम्प आठवतंय ना? तोच माणूस. रीपरचं वैयक्तिक लायसन्स ६० डॉलरला आहे, आधी ६० दिवस फुकट वापरून बघता येतं, आणि जुन्या लॅपटॉपवरसुद्धा गपगुमान चालतं. एकाच ओळीचे सहा टेक घेतले, त्यातला तिसऱ्याचा पहिला अर्धा आणि पाचव्याचा शेवट जोडला, हे तिथे इतकं सोपं आहे की गाणारा चहा पिऊन येईपर्यंत होतं.

पूर्वी लोक दोन सॉफ्टवेअर एकदम चालू ठेवून एकमेकांना बांधायचे. त्याला रीवायर म्हणायचे, नव्वदच्या दशकाच्या शेवटी स्वीडनच्या प्रोपेलरहेडने काढलेलं, एकात प्ले दाबलं की दुसरंही त्याच लयीत चालू. ऐकायला भारी, पण माझा अनुभव असा की दोनातलं एक तरी रुसायचं. २०२० मध्ये त्याच कंपनीने ते बंद करायचं ठरवलं, आणि खरं सांगू, मला काही वाईट वाटलं नाही.

कारण दोन सॉफ्टवेअर एकदम उघडी ठेवून मी एकदा चांगलाच आपटलोय. आमचे मामा अभंग गातात, काळी एक पट्टी, त्यांचा एक अभंग घरी रेकॉर्ड केला. रीपरमध्ये प्रोजेक्ट होता ४८ किलोहर्ट्झचा, म्हणजे एका सेकंदात आवाजाचे ४८ हजार नमुने, पण मागे एफएल उघडंच राहिलेलं आणि त्याने साउंड कार्ड ४४.१ वर धरून ठेवलेलं, माझं लक्षच नाही. त्या दिवशी ऐकलं तर सगळं छान, कारण वाजतानाही कार्ड ४४.१ वरच होतं ना. मामा खूश, मामी खूश. दुसऱ्या दिवशी एकटं रीपर उघडलं, कार्ड गेलं ४८ वर, आणि चार मिनिटांचा अभंग तीन मिनिटं चाळीस सेकंदांत संपला. मामा विशीतल्या पोरासारखे गातायत आणि पट्टी धड पांढरी दोन पण नाही आणि काळी दोन पण नाही, मधेच कुठेतरी लोंबकळतेय. पेटी लावून जुळवायला गेलो तर पेटीत तो सूरच नाही. रात्री दोनला कळलं की ४४.१ भागिले ४८ म्हणजे ०.९१८७५, फाईलचा वेग तेवढा केला आणि पट्टी जपायची टिक काढून टाकली की मामा परत काळी एकवर. तेव्हापासून नियम, एका वेळी एकच सॉफ्टवेअर उघडं, आणि प्रोजेक्ट सुरू करण्याआधी दोन्हीकडे आकडा सारखा आहे का बघायचं. नुसतं गाणं असेल तर ४४.१, सोबत व्हिडिओ असेल तर ४८, पण एक काहीतरी ठरवा.

मग दोघांची गाठ कशी घालायची? साध्या वेव्ह फाईलने, म्हणजे आवाज न दाबता पूर्ण ठेवणाऱ्या फाईलने. एफएलमध्ये ठेका झाला की प्रत्येक वाद्याची वेगळी फाईल काढायची, स्टेम म्हणतात त्याला, एक्सपोर्टच्या खिडकीत स्प्लिट मिक्सर ट्रॅक्स म्हणून टिक आहे ती मारली की प्रत्येक ट्रॅकची फाईल वेगळी पडते. २४ बिट ठेवा. सगळ्या फाईली गाण्याच्या पहिल्या बारपासूनच सुरू झाल्या पाहिजेत, हलगी तिसऱ्या कडव्यात येत असली तरी, आधीची दोन कडवी त्या फाईलमध्ये शांतता असू दे, म्हणजे रीपरमध्ये सगळ्या शून्यावर टाकल्या की आपोआप जुळतात, माउसने ओढत बसावं लागत नाही. टेम्पोचा आकडा फोल्डरच्या नावातच लिहून टाकायचा. आणि मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तिथे, लिमिटर, म्हणजे आवाज मर्यादेबाहेर जाऊ न देणारं साधन, आहे का बघा, एफएल बऱ्याचदा तो आधीच बसवून देतं. ठेका तिथे कडक वाजत असतो तो त्याच्या जिवावर, स्टेम काढले की तो जोर गायब होतो आणि मग माणूस रीपरला शिव्या देतो.

बरं, फाईली मोठ्या होतात. चार मिनिटांची एक स्टिरिओ फाईल साधारण ६३ एमबी, वीस स्टेम म्हणजे सव्वा जीबी. म्हणून काही जण एमपीथ्री करून पाठवतात. नका हो करू. एमपीथ्री बनताना सुरुवातीला काही मिलिसेकंदांची शांतता घुसते, ऐकून कळत नाही, पण ढोलकी एका फाईलची आणि टाळ दुसरीकडून आलेला असेल तर दोघं एकत्र पडतच नाहीत, आणि आपण वादकाला नावं ठेवतो.

बफरचं, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचे किती नमुने साठवून पुढे पाठवतो त्या आकड्याचं, पटकन सांगतो. गाताना १२८ वर ठेवा, ४४.१ ला तो जवळपास तीन मिलिसेकंद होतो, जाण्यायेण्याचा धरून थोडा जास्त, पण गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागून येतोय असं वाटत नाही. मिक्स करताना १०२४ करा, लॅपटॉप शांत. आठ जीबी रॅमच्या मशीनवर हे जमतं ते एफएलचे जड सिंथ आधीच वेव्ह होऊन बसलेत म्हणूनच. शिवाय वेव्ह दहा वर्षांनी पण वाजेल, प्लगिनचा, म्हणजे सॉफ्टवेअरला वरून जोडलेल्या सिंथ-इफेक्टचा, काय भरवसा, एक दिवस प्रोजेक्ट उघडता आणि ते सांगतं की बुवा हे प्लगिन सापडत नाही.

आणि वाट एकेरी ठेवायची हं. एफएलमधून बाहेर पडलं की बाहेर. मिक्स करता करता वाटतं किक बदलू, परत एफएल उघडतो, किक बदलता बदलता बेस बदलतो, मग पट्टीच बदलावीशी वाटते आणि पहाटेचे चार वाजतात, गाणं मात्र जिथल्या तिथे. फारच अडलं तर तेवढा एकच स्टेम नवीन काढायचा.

अभंगाला मात्र हे सगळं उलटं करावं लागतं, हे मला उशिरा कळलं. भजन एका लयीत राहतच नाही ना, सुरुवातीला ठाय, मग चढत चढत शेवटी टाळ-पखवाज असे धावतात की त्यावर क्लिक, ती मेट्रोनोमची टकटक, लावणं म्हणजे दिंडीला ट्रॅफिक सिग्नल दाखवणं. एफएलमध्ये ९० ठरवला की तो ९०. टेम्पो चढवता येतो तिथेही, पण पखवाजवाला कुठे किती चढवणार हे त्याचं त्यालाही आधी माहीत नसतं. म्हणून तिथे पहिला मान रीपरला, मामा, पखवाज, टाळ सगळे एकत्र बसून क्लिकशिवाय घ्यायचं, आणि एफएलमधून फक्त सुराची चादर आणायची, जिला ठेका नाही. ठेका घुसवायचा प्रयत्न मी दोनदा केलाय. दोन्ही वेळा मामा म्हणाले, "हे कोण मधेमधे येतंय रे?"

जाता जाता एक ऐकवतो. एफएलमधून फाईल काढताना शेवटच्या घुमाऱ्याचं काय करायचं हे तो विचारतो. त्यात रॅप रिमेंडर निवडलं तर शेवटचा घुमारा उचलून फाईलच्या सुरुवातीला चिकटवतो, लूप बनवायला तेच पाहिजे असतं, पण पूर्ण गाण्याला पाहिजे लीव्ह रिमेंडर. मी एकदा चुकीचं निवडलं आणि सहा महिने ते गाणं तसंच लोकांना ऐकवत होतो. आता आधी ते चुकलेलं लावतो, पहिल्या दोन सेकंदांकडे कान द्या, अजून कुणी काही वाजवलेलं नाही आणि तरी मागे काहीतरी घुमतंय, आणि मग लगेच दुरुस्त केलेलं. फाईल लागेपर्यंत मी जरा पंखा लावतो.