दुसरी पट्टी

(दृश्य: ठाणे, सकाळ. तलावपाळीवर फेऱ्या मारणारी माणसं.)

यांच्यातल्या कुणाच्या हृदयात स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) आहे, हे चालीवरून कळत नाही. कधीकधी त्यालाही विसर पडतो. छातीत दुखत नाही, दम लागत नाही, मग रोज गोळ्या कशाला?

(दृश्य: नौपाडा, औषधाचं दुकान.)

"अ‍ॅस्पिरिन दे. ती दुसरी नको आता."
"काका, डॉक्टरांनी थांबवलीय का?"
काका पाकीट चाचपतात.

ती दुसरी म्हणजे क्लोपिडोग्रेल, पहिलीसारखीच रक्ताची गुठळी रोखणारी गोळी. कुणाला तिच्याजागी टिकाग्रेलॉर असते, दिवसातून दोनदा. हार्ट अटॅकनंतर या जोडीचा कोर्स साधारण 12 महिन्यांचा. रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर डॉक्टर तो आधीही आटोपता घेतात. अ‍ॅस्पिरिन बहुतेकांना पुढेही चालू राहते.

(दृश्य: रेखाचित्र, धमनीचा छेद.)

बोट कापलं की प्लेटलेट्स, रक्तातल्या चिमुकल्या पेशी, धावून येतात, एकमेकींना चिकटतात, रक्त थांबतं. हृदयाच्या धमनीत चरबीचा थर फुटला तरी त्या तेच करतात. तिथं मात्र गुठळी होऊन रक्ताची वाटच अडते. स्टेंटची जाळीही त्यांना परकी. तिच्यावर धमनीचं अस्तर चढायला काही महिने लागतात. तोवर गोळी मनानं सोडली, तर स्टेंटच तुंबू शकतो.

अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटमधलं एक एन्झाइम कायमचं बंद पाडते. प्लेटलेटला केंद्रक नसल्यानं ते एन्झाइम नव्यानं बनत नाही. पण ती जगते जेमतेम 7 ते 10 दिवस, आणि अस्थिमज्जेतून ताज्या येतच असतात. म्हणून गोळी रोज. दुसरी गोळी प्लेटलेटची वेगळी कळ दाबते, म्हणून दोन्ही लागतात.

1988 साली आयसिस-2 या चाचणीचे निकाल आले. 17,187 रुग्ण. अटॅक येताच सुरू केलेल्या महिनाभराच्या अ‍ॅस्पिरिननं पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारानं होणारे मृत्यू सुमारे 23 टक्क्यांनी घटले. इतक्या स्वस्त गोळीनं!

(दृश्य: पुन्हा काउंटर.)

काकांना दाढ काढायचीय. शेजाऱ्यांनी सांगितलं, रक्त थांबणार नाही. बहुतेकदा गोळ्या चालू ठेवूनच दाढ काढता येते. बोळा जरा जास्त वेळ दाबून धरावा लागतो. दंतवैद्याला आधी सांगायचं, आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. अंगावर निळे डाग दिसले तरी तेच, विचारायचं. शौच डांबरासारखी काळी झाली, तर मात्र लगेच दवाखाना.

"आणि गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन?"
"ती नाही देणार, काका. अ‍ॅस्पिरिनच्या कामात आड येते. आधी डॉक्टरांना फोन लावा, इथूनच लावा."