रविवारचा रस्ता

नमस्कार मंडळी. हा शब्द तोंडातून गेला की माझी जरा पंचाईत होते. तुम्ही समोर बसलात, ते मंडळी. आम्हा ख्रिस्ती लोकांत चर्चचे सभासद म्हणजेही मंडळीच. आणि माझ्या वडिलांच्या पिढीतले पुरुष बायकोला चारचौघांत 'आमची मंडळी' म्हणायचे. आज या तिन्ही मंडळींबद्दल बोलायचंय. तिसरी दुसऱ्या रांगेत बसली आहे, तेव्हा जपून बोलतो.

मी भुसावळचा. रेल्वेत फिटर म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. ही नवापूरकडची, आयुष्यभर नर्स. म्हणजे खानदेशाची दोन टोकं एका घरात आली. सुरत-नागपूर हमरस्त्याने गेलात तर जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे, साक्री, मग कोंडाईबारीचा घाट, विसरवाडी आणि नवापूर. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. नोकरीत असताना हा रस्ता फक्त लग्नं आणि मयतींसाठी पालथा घातला. निवृत्तीनंतर एक जुनी छोटी गाडी घेतली आणि ठरवलं, महिन्यातून एक रविवार. सकाळी अनोळखी गावात उपासना, दुपारनंतर त्या भागात जे पाहण्यासारखं असेल ते पाहायचं.

पहिल्यांदा आम्ही उलटं केलं होतं. आधी स्थळ, मग जमलं तर चर्च. एका गावात गुरुवारी दुपारी पोचलो. चर्चला कुलूप, पायरीवर शेळी बसलेली. आत डोकावलं तर पत्र्याचं छप्पर, गुंडाळून ठेवलेली जाजमं, भिंतीवर खडूने लिहिलेलं वचन. ही म्हणाली, "यात बघायचं काय?" खरंच काही नव्हतं. शेजारची आजी म्हणाली, रविवारी या. तीन आठवड्यांनी रविवारी गेलो तर त्याच जागेत पाय ठेवायला जागा नव्हती. एकीकडे बाया, एकीकडे गडी, मधे ढोलक, आणि दाराबाहेर चपलांचा हा ढीग. तेव्हा डोक्यात आलं की तोरणमाळचा यशवंत तलाव मंगळवारी गेलात तरी तिथेच असतो. आमच्याकडचं चर्च मात्र आठवड्यातून दोन-तीन तासच असतं, बाकीचा वेळ ती नुसती खोली. म्हणून चर्चची वेळ पक्की धरायची आणि स्थळं तिच्या मागेपुढे बसवायची.

भुसावळची गोष्ट वेगळी. तिथली रेल्वेच्या जमान्यातली चर्चं रिकामी असली तरी पाहण्यासारखी आहेत. बाक, उंच खिडक्या, इंग्रजी उपासना. लहानपणी आम्ही अँग्लो-इंडियन ड्रायव्हरांच्या पोरांबरोबर तिथे नाताळची गाणी म्हटली. पण आज भुसावळचं सांगायचं ते दुसरंच. तिथल्या जुन्या युरोपियन कबरस्तानात मेजर रॉबर्ट गिल पुरलेला आहे. अजिंठ्याची लेणी ब्रिटिशांच्या नजरेला पडली १८१९ मध्ये, हे तुम्हाला माहीत आहे. त्या भित्तिचित्रांच्या नकला काढायला ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये या गिलला धाडलं, आणि तो अजिंठ्याचाच होऊन बसला. वर्षानुवर्षं कॅनव्हास रंगवले, लंडनला पाठवले. त्यातले बहुतेक १८६६ मध्ये तिथल्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाले. त्यानंतर कॅमेरा आणि ब्रश घेऊन हा माणूस पुन्हा कामाला लागला. १८७९ मध्ये वारला.

मी भुसावळात जन्म काढला, पण साठी उलटेपर्यंत ती कबर पाहिली नव्हती. गेलो त्या दिवशी आम्ही तसेच पुढे घाट चढून अजिंठा गावात गेलो, कारण तिथे पारोची कबर आहे. पारो म्हणजे गिलची तिथली सोबतीण, १८५६ मध्ये गेली. मधे घाट आणि जिल्ह्याची हद्द, दोघं दोन बाजूंना. मला उगाच भरून आलं. मी म्हणालो, "बघ, जन्मभराची सोबत, आणि माती वेगळी." ही जराही न विरघळता म्हणाली, "आणि त्याची लग्नाची बायको? तिची कबर कुठे आहे ते शोधलंत का?" गिलचं लग्न झालेलं होतं, मुलंबाळंही होती, हे मला माहीत होतं. मी सोयीस्करपणे विसरलो होतो. परतताना जळगावपर्यंत आम्ही फारसं बोललो नाही.

कॅथलिक बांधवांचं बरं असतं, मिस्साची वेळ सहसा ठरलेली. धुळे, जळगाव, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक धर्मप्रांतात येतात, तो १९८७ मध्ये पुण्यापासून वेगळा झाला. आमच्या पाड्यांवरच्या मंडळ्यांत दहा म्हणजे अकरा. कापूस वेचणीच्या दिवसांत तर बाराही वाजतात.

जानेवारीत नंदुरबारला जायचं असेल तर एक सूचना. शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या लागतात. पथारी म्हणजे वाळवणाचं मैदान, नजर पोचेल तिथवर लालभडक. हिला मोह आवरला नाही, उपासनेआधीच पाच किलो मिरची डिकीत घातली. चर्चमध्ये पोचलो तेव्हा माझा सदरा आणि हिची साडी इतकी झणझणीत झाली होती की प्रार्थनेत आमच्या आजूबाजूचे सगळे शिंकत होते. पाळकसाहेबांनी उपदेश आवरता घेतला. त्या दिवशी प्रकाशाला लवकर पोचलो, एवढा फायदा. तापी-गोमाईचा संगम, दक्षिण काशी म्हणतात ती. घाटावर एक म्हातारा बसला होता. "कथा चालनात भाऊ?" म्हणजे कुठे निघालात. मी म्हटलं, चर्चहून आलो, आता महादेव बघतो. तो म्हणाला, मग पाण्यात पाय घाल, ते कोणाला विचारत नाही.

तोरणमाळ मी थोडक्यात आटपतो, कारण तिथे आमची फजिती झाली. शहाद्याहून सातपायरी घाट चढताना गाडीचं पाणी उकळलं, हजार मीटरच्या वर जायचं होतं आणि आम्ही निम्म्यात. एका जीपवाल्याने कॅनने पाणी दिलं, पैसे घेतले नाहीत. वर थंडी मस्त आहे, स्वेटर न्या.

आता नवापूर. पश्चिम खानदेशात विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक आले. नाव उत्तर युरोपचं, पण मिशन निघालं शिकागोत, १८९० मध्ये, फ्रेडरिक फ्रान्सन या स्वीडिश माणसाने काढलेलं. हे लोक इकडे येण्याआधी थोडीच वर्षं, १९०० च्या सुमारास, सुरतेहून या भागात येणारी ताप्ती व्हॅली रेल्वे सुरू झाली होती. ती लाईन माझ्या गावाला हिच्या गावाशी जोडते. नवापूरचं स्टेशन तर असं की फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. त्या बाकावर बसून मी एका राज्यात चहा घेतो, ही दुसऱ्यात.

हिच्या आजोळच्या पाड्यावर चर्चसमोर महूचं झाड आहे. फांदीला लोखंडाचा तुकडा टांगलेला, तोच घंटा. मुलगा दगडाने तीनदा बडवतो आणि आवाज दोन शेतं ओलांडून जातो. मी जवळ गेलो, हात फिरवला. रूळ होता. दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीची, फिशप्लेटची, भोकं अजून दिसत होती. आमच्याच लाईनीचा असावा, असं मी मनाशी धरून चाललोय.

तिथे पाहुण्याला 'दोन शब्द' बोलल्याशिवाय सोडत नाहीत. मी उठलो, मराठीत चार वाक्यं बोललो, लोकांनी सभ्यपणे ऐकलं. मग ही उठली आणि मावचीत सुरू झाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला मावची येत नाही, हा माझा आळस. दोन मिनिटांत आख्खी मंडळी खदखदून हसायला लागली, आणि हसताना सगळे माझ्याकडे बघत होते. पाळकसाहेबांनी तोंडावर रुमाल धरला. नंतर अंगणात जेवायला बसलो तेव्हा एका काकूंनी माझ्या ताटात भाकरी वाढली आणि पुन्हा हसायला लागल्या.

गाडीत विचारलं, घरी विचारलं, आजही इथे येताना विचारलं. सांगत नाही. आता प्रश्नोत्तरं आहेत. ती दुसऱ्या रांगेत, निळ्या साडीत बसली आहे. तुम्ही विचारून बघा.