टेबल बसतंय, काठीचं काय?

श्रोतेहो, नमस्कार. जुळे सोलापूर असो की होटगी रोड, नवा बंगला बांधताना एक खोली पोरांच्या खेळायला राखायची टूम आता आपल्याकडेही आली आहे. कॅरमवर भागत नाही, पूल टेबल हवं असतं, म्हणजे काठीनं बॉल भोकांत ढकलायच्या खेळाचं टेबल. मग घरमालक टेप लावून खोली मोजतो, दुकानदाराला फोनवर टेबलाचं माप विचारतो आणि खुशीत सांगतो, “बसतंय की! चहूबाजूंनी तीन-तीन फूट ऱ्हातंय.”

टेबल बसतंय, खरं आहे. खेळणाऱ्यानं उभं कुठं राहायचं?

पूलची काठी, म्हणजे क्यू, साधारण ५७-५८ इंच लांब. आपल्या हिशेबानं पावणेपाच फूट. काठीनं मारायचा पांढरा बॉल टेबलाच्या कडेच्या रबराला चिकटून थांबला की ही जवळजवळ सगळी काठी टेबलाच्या बाहेर येते. वर मारण्याआधी हात सहा इंच तरी मागे जातो. मागे भिंत आली की माणूस काठीचं बूड वर उचलतो. टोक खाली झुकतं, पांढरा बॉल टप्पा घेऊन उडतो, आणि नवशिक्या असला तर टोक सरळ कापडात घुसतं. कापड बदलायचं म्हणजे कारागीर बोलवा, रबराच्या पट्ट्या उतरवा, सगळं आलं.

म्हणून हिशेब असा करा. रबरापासून रबरापर्यंतची खेळायची जागा मोजा आणि लांबीत साडेनऊ आणि रुंदीत साडेनऊ फूट मिळवा, म्हणजे समोरासमोरच्या दोन्ही बाजूंना एकेक काठी. नेहमीच्या ७ फुटी टेबलाची खेळायची जागा ७८ बाय ३९ इंच, म्हणजे साडेसहा बाय सव्वातीन फूट. खोली लागली सोळा बाय पावणेतेरा. ८ फुटीला सुमारे सतरा बाय सव्वातेरा, ९ फुटीला अठरा बाय चौदा. आणि ही झाली किमान मापं. पण “सात फुटी” या नावावर जाऊ नका. विलायती पद्धतीच्या सात फुटीत खेळायची जागा सहा बाय तीनच असते, बॉलही लहान असतात. दुकानदाराला आतलं माप विचारा.

लांबी बहुतेकांची कशीतरी जमते, अडतं ते रुंदीत. फ्लॅटचा हॉल दहा-अकरा फूट रुंद, तिथं ७ फुटीलाही लांब काठी फिरत नाही. ४८ इंचांची आखूड काठी घेतली तर सव्वाअकरा फुटांत भागतं. एखाद्याच बाजूला खांब आडवा येत असेल तर आखूड काठी ठीकच, पण दर डावाला तीच वापरायची पाळी आली तर चार दिवसांत कंटाळा येतो.

माझं विचाराल तर घरासाठी ७ फुटी घ्यावं. ते काही पोरखेळाचं माप नव्हे, अमेरिकेतल्या बारमध्ये हेच चालतं आणि त्यावर लीगही रंगतात. मोठ्या स्पर्धांचं माप ९ फुटी. स्नूकर, म्हणजे पूलसारखाच पण मोठ्या टेबलावरचा खेळ; त्याच्या १२ फुटी टेबलाचा रुबाब ज्यांना हवा, त्यांनी बावीस बाय सोळाची खोली बांधावी. स्नूकर १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत जन्मलं, तिथं जागेची काय वाण होती!

आता वजन. स्लेटचं, म्हणजे दगडी पाटाचं टेबल ३००-४०० किलोंच्या घरात जातं, आणि सगळा भार पायांवर येतो. जुन्या वाड्यात माळवदावर ते चढवायचा विचारही नको. नव्या घरातही वरचा मजला असेल तर इंजिनिअरला आधी विचारा. स्लेट तीन तुकड्यांत मिळते का तेही पाहा, अखंड दगड जिन्याच्या वळणावर अडतो. पार्किंगमध्ये ठेवणार असाल तर तिथल्या फरशीला पाणी वाहून जायला उतार असतो. टेबलाचे पाय लेव्हल केले नाहीत तर प्रत्येक बॉल गेटाकडे धावेल.

आणि आपला उन्हाळा. पारा चाळिशी ओलांडतो, घरोघरी कूलर लागतात. कूलरचा झोत टेबलावर येऊ देऊ नका. त्या ओल्या हवेनं कापड दमट होतं, बॉल मंदावतो. पाट एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या भुशाचा असेल तर पुढेमागे फुगतो. म्हणून खोली मोजताना कूलरची खिडकी कुठली, हेही ठरवा.

टेबलाची जागा पक्की झाली की पीओपीवाला यायच्या आधी दिव्याची वायर काढून ठेवा. दिवा हवा टेबलाच्या मधोमध, पाटापासून ३२ ते ३६ इंच वर. खोलीचा मध्य धरून लटकवू नका. कपाटासाठी टेबल फूटभर सरकवलं असेल, तर दिवाही फूटभर सरकला पाहिजे. एकदा छत झाकलं की वायरमन आठवड्यानं येतो आणि पीओपीवाला तर फोनच उचलत नाही. नमस्कार.