मोत्याचा वाटा आधी काढा

श्रोतेहो, नमस्कार.

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी होड्या लागल्या की वाळूवर मासळीचा लिलाव सुरू होतो. टोपल्या उतरतात, बोली लागते, माणसांचा नुसता कालवा. आणि या सगळ्याच्या कडेला, ओल्या वाळूत पुढचे पाय लांब करून बंदरावरची कुत्री बसलेली असतात. भुंकणं नाही, धावपळ नाही. टोपली उचलताना एखादी तारली निसटणारच, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

अशाच एका धक्क्यावर, पार लंडनला, १८६०च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाचा माणूस उभा होता. मूळचा अमेरिकेतला. इमारतींवर वीज पडू नये म्हणून बसवायचे वीजरोधक विकायला तो तिकडे आला होता. जहाजावरची पीठपाण्याची टणक बिस्किटं धक्क्यावरची कुत्री कुरतडून खातायत, हे त्याने पाहिलं आणि त्याच्या डोक्यात कल्पना आली, असं सांगतात. पुढे त्याने खास कुत्र्यांसाठी बिस्किटं काढली आणि त्यांचा मोठा धंदा झाला. आज दुकानात दिसणाऱ्या पाकिटांची सुरुवात ही अशी बंदरावरची आहे. आपण बंदरावरचीच माणसं, म्हणून मला ही गोष्ट फार जवळची वाटते.

तर आज मी बोलणार आहे ती कुत्र्यांसाठी घरी भाजायच्या बिस्किटांबद्दल. कृती सांगेन, माप दोनदा सांगेन, कागद-पेन जवळ ठेवा. पण त्याआधी मी या वाटेला कशी लागले ते सांगते.

नऊ वर्षांपूर्वीचे गणपतीचे दिवस. मुंबईहून चाकरमानी आलेले, घर भरलेलं, दोन्ही वेळा आरती आणि आरतीनंतर खिरापत. सुकं खोबरं, खडीसाखर, खारीक, खसखस, बेदाणे. आमचा मोत्या तेव्हा चार वर्षांचा. खळ्यात बसायचा आणि बाहेर येणारा प्रत्येक माणूस त्याच्यापुढे आपल्या हातातला घास धरायचा. मीही धरला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो विहिरीमागे जाऊन ओकत होता. दुपारपर्यंत पाण्याला तोंड लावेना, हाक मारली तर नुसतं शेपटीचं टोक हलवायचा.

तालुक्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "द्राक्षं, मनुका, बेदाणे, यातलं काही खाल्लंय का?" मला क्षणभर कळेचना. प्रसादाचे बेदाणे, आणि त्याने काय होतं? डॉक्टरांनी समजावलं, की द्राक्ष आणि बेदाण्याने कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. एखाद्याला मूठभर खाऊनही काही होत नाही आणि दुसऱ्याला थोड्यानेही होतं, त्यामुळे इतके चालतील असा आकडा देता येत नाही. एकही द्यायचा नाही. मोत्याला चार दिवस सलाईन लावलं. तो वाचला.

त्या चार दिवसांत एक गोष्ट मनात घर करून बसली. आपल्याकडे गोग्रास आधी काढतात. पित्रांना कावळ्याचं पान आधी ठेवतात. कुत्र्याची पाळी मात्र सगळ्यांत शेवटी. सगळ्यांची जेवणं झाली, की उरलेला भात आणि त्यावर उरलेलं कालवण. म्हणजे मीठ, कांदा, लसूण, मसाला, सगळं पडून झाल्यावर जे राहतं ते त्याचं. प्रेम असतंच, पण ताट चुकीचं असतं. तेव्हापासून आमच्या घरी मी क्रम बदलला. मोत्याचा वाटा आधी काढायचा. भोपळा उकडला की गूळ पडायच्या आधी, मासा शिजला की वाटण लागायच्या आधी, पीठ मळलं की मीठ घालायच्या आधी.

कांदा-लसणीचं जरा थांबून सांगते, कारण आपल्या कालवणात ती असतातच. कांद्या-लसणीतल्या घटकांनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवून, तळून, वाळवून, कशानेही हा गुण जात नाही. आणि त्रास लगेच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी कुत्रं थकलेलं वाटतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, तोवर आपण ते कालवण विसरून गेलेलो असतो.

जायफळही नको. आपल्या बागांमधून नारळी-पोफळीच्या सावलीत जायफळ वाढतं, म्हणून गोडात सढळ हाताने किसलं जातं. कुत्र्याला ते बाधतं. चॉकलेट नको, आणि पाहुण्यांच्या पिशवीत हमखास चॉकलेट असतं. बिनसाखरेच्या च्युइंगमवर किंवा पीनट बटरच्या बाटलीवर झायलिटॉल असं लिहिलेलं असेल तर ती वस्तू कुत्र्याच्या आसपासही नको, त्याने तासाभरात रक्तातली साखर कोसळू शकते. खारवलेला सुका बांगडा धुऊन घेतला तरी मीठ राहतंच. आणि मे महिन्यात आंब्याचा बाठा अंगणात टाकू नका. कुत्रं तो चोखता चोखता गिळतं, तो आतड्यात अडकतो आणि मग शस्त्रक्रियेशिवाय इलाज राहत नाही.

आता काय द्यायचं त्याकडे वळू.

आपल्या घरात नाचणी असते. नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅममध्ये ३५० मिलिग्रॅमच्या आसपास. पण मी ती त्यासाठी वापरत नाही. भाजल्यावर तिला जो खरपूस वास सुटतो, त्यासाठी वापरते. कुत्र्याच्या जिभेला आपल्याइतकी चव कळत नाही, त्याचं सगळं खाणं नाकाने चालतं. म्हणून साखर, गूळ, मीठ यांची गरज नाही. वास हवा.

माप घ्या. नाचणीचं पीठ १२० ग्रॅम, म्हणजे एक वाटी. तांदळाचं पीठ त्याच्या निम्मं, ६० ग्रॅम. लाल भोपळा साल आणि बिया काढून उकडलेला, साधारण पाऊण वाटी. एक अंडं. संपलं. पुन्हा सांगते: नाचणी एक वाटी, तांदळाचं पीठ अर्धी वाटी, उकडलेला भोपळा पाऊण वाटी, अंडं एक. दूध घालू नका, वाढ पूर्ण झालेल्या पुष्कळशा कुत्र्यांना ते पचत नाही. सोडा, बेकिंग पावडरही नको, बिस्किट फुगायची गरजच नाही.

भोपळा उकडून चाळणीवर दहा मिनिटं निथळत ठेवा. ही पायरी गाळू नका, नाहीतर पीठ सैल होतं आणि मग तुम्ही पीठ वाढवत जाता. निथळलेला भोपळा हाताने कुस्करा, अंडं फोडून घाला आणि पीठ थोडं थोडं मिसळा. नाचणीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे गोळ्याच्या कडा चिरतात. घाबरू नका. अंड्याने पकड येते. गोळा झाकून पंधरा मिनिटं ठेवलात की पीठ ओल पिऊन घेतं, आणि भाकरीच्या पिठासारखं हाताला मऊ लागायला लागतं.

आता केळीचं पान घ्या, त्याला पाण्याचा हात लावा आणि त्यावर गोळा थापा. जाडी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. सुरीने शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापा, शंकरपाळ्यापेक्षाही लहान चालतील. एवढ्या पिठाचे सत्तर तुकडे व्हायला हवेत. सत्तर का, ते पुढे सांगते.

ओव्हन असेल तर १६० अंशांवर पंचवीस मिनिटं. नसेल तरी अडत नाही. जुन्या कुकरची शिट्टी आणि रबर काढून टाका, तळाला जाड मीठ पसरा, त्यावर तिवई, झाकण ठेवून दहा मिनिटं तापवा आणि मग ताटली आत ठेवून मंद आचेवर अर्धा-पाऊण तास. कुकरमध्ये पाणी घालायचं नाही. ज्यांच्या घरी अजून चूल आहे त्यांना मी काय सांगणार! काकडीच्या गोड धोंडसाला जसे टोपाखाली आणि झाकणावर निखारे ठेवता, तसेच ठेवा. करवंटीचे निखारे फार कडक असतात, ते वर थोडेच घाला. मी दोन्ही करून पाहिलंय आणि चुलीवरच्या बिस्किटांना मोत्या आधी येतो.

मासे घालायचे असतील तर भोपळा निम्मा करा आणि त्या जागी तारली घ्या. डोकी, आतडी काढून, नुसत्या पाण्यात, मीठ-हळद काही न घालता, कुकरला वीस-पंचवीस मिनिटं. मग प्रत्येक काटा बोटांत चिरडून बघा. पिठासारखा होत असेल तर ठीक, टोचत असेल तर काढा. बांगड्याचे काटे मात्र सगळेच काढा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा मी ही बिस्किटं करत नाही. त्या दिवसांत भोपळ्यावरच भागवायचं.

आणि तेच दिवस बिस्किटांसाठी सगळ्यांत वाईट. आपल्या पावसाळ्यात काय सादळत नाही? पापड सादळतो, पोहे सादळतात, काड्यापेटी सादळते. बिस्किटात तर भोपळ्याची ओल मुळातच असते. पहिल्या वर्षी जुलैत मी डबा उघडला, तर चौथ्या दिवशी तळाच्या बिस्किटांवर हिरवट-पांढरी लव आलेली. वरची चांगली दिसत होती, पण मी सगळीच टाकली. बुरशी वरून दिसते तेवढीच नसते, आणि काही बुरशींच्या विषाने कुत्र्याला थरथर सुटते, झटके येतात. अशी बिस्किटं उकिरड्यावरही टाकू नका, दुसरं कुणाचं तरी कुत्रं ती खाईल. खड्डा करून पुरा.

त्यावर उपाय म्हणजे दुसरी भाजणी. पहिल्यांदा भाजून झालं की बिस्किटं पूर्ण निवू द्या. मग ओव्हन १०० अंशांवर ठेवून पुन्हा तासभर, आणि बंद केलेल्या ओव्हनमध्येच गार होईपर्यंत राहू द्या. कुकरवाल्यांनी लोखंडी तव्यावर अगदी मंद आचेवर उलटसुलट करत बसायचं. झालं की नाही हे बोटांनी कळतं. मोडताना कट्‌ असा आवाज आला पाहिजे. वाकलं तर आत ओल आहे. उन्हाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात चार-पाच दिवस बाहेर राहतात. पावसाळ्यात फ्रीजमध्येच ठेवा आणि माशांची तर बाराही महिने फ्रीजमध्ये.

आता सत्तर तुकड्यांचा हिशेब. या सगळ्या पिठात मिळून सातशेच्या आसपास कॅलरी आहेत, म्हणजे एका तुकड्यात दहा. पशुवैद्य सांगतात, की खाऊतून दिवसाच्या गरजेच्या दहा टक्क्यांहून जास्त कॅलरी जाऊ नयेत. पंधरा किलोच्या गावठी कुत्र्याला दिवसाला ढोबळमानाने साडेआठशे कॅलरी लागतात. म्हणजे आठ तुकडे, घरातल्या सगळ्यांच्या हातून मिळून आठ. पाच-सहा किलोच्या लहान जातीच्या कुत्र्याला तीन-चार. आमच्या घरी सकाळी आठ मोजून एका वाटीत काढतात. वाटी रिकामी झाली की कुणी कितीही लाडात असलं तरी डबा उघडत नाही. आणि हा खाऊ आहे, जेवण नव्हे, जेवण त्याचं त्याला वेगळं हवंच.

पहिल्यांदा देताना एकच तुकडा द्या आणि दोन दिवस थांबा. अंड्याची किंवा माशाची काहींना खाज सुटते, पोट बिघडतं. मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असलेल्या कुत्र्याला, आणि अगदी लहान पिल्लाला, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

म्हाताऱ्या कुत्र्यांचं राहिलं. कट्‌ वाजणारं बिस्किट त्यांना चावत नाही. ते कोमट पाण्यात टाकून ठेवा. नाचणीच ती, पाच-सात मिनिटांत आंबिलीसारखी होते आणि भाजल्याचा वासही राहतो. मोत्या आता तेरा वर्षांचा आहे. पुढचे दात गेले, कान गेले, उजवा डोळा धूसर झालाय. डब्याचं झाकण वाजलेलं त्याला ऐकू येत नाही. पण बिस्किटं पाण्यात भिजली, की ओटीवरून नाक वर होतं, मग मान, मग तो सावकाश उठून येतो, आधी वरचं पाणी पिऊन घेतो आणि मग आठही तुकडे.

नमस्कार.