आसूड कुणाच्या हातात?

(दृश्य: मुंबई, विधान भवन. पावसाळी दुपार.)

३ जुलै २०२२, रविवार. विधानसभेच्या अध्यक्षाची निवड. एकीकडे भाजपचे राहुल नार्वेकर, दुसरीकडे शिवसेनेचे राजन साळवी. शिवसेनेच्या आमदारांना पक्षाचा लेखी आदेश आलेला आहे. पण एक नाही, दोन. एका आदेशाखाली प्रतोद म्हणून सुनील प्रभू: साळवींना मत द्या. दुसऱ्याखाली प्रतोद म्हणून भरत गोगावले: नार्वेकरांना मत द्या. पक्षाचं नाव दोन्हीकडे तेच.

म्हणजे शिवसेनेच्या ५५ आमदारांपैकी कुणीही, कुणालाही मत दिलं, तरी एक आदेश मोडणारच होता.

नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी निवडून आले. आता गंमत बघा. पक्षादेश कुणी मोडला आणि त्याची आमदारकी जाते का, हे ठरवायचं काम कायद्यानं अध्यक्षांवर सोपवलंय. आणि ती खुर्ची भरली ती याच मतदानातून.

प्रतोद या शब्दाकडे जरा थांबून बघू. प्रतोद म्हणजे जनावरं हाकायचा आसूड. इंग्रजीतला व्हिप म्हणजेही चाबूकच. शिकारीला निघालेला कुत्र्यांचा कळप पांगू नये म्हणून एक माणूस चाबूक घेऊन मागे असायचा, त्याच्यावरून हे नाव ब्रिटिश संसदेत गेलं. आपल्याकडे भाषांतर झालं तेव्हा चाबूक तसाच राहिला, फक्त संस्कृतात गुंडाळला गेला. सभागृहात मतदान असलं की प्रतोदाचा कागद निघतो. मामला फारच गंभीर असला तर मजकुराखाली तीन रेघा. तीन ओळींचा व्हिप म्हणतात तो हाच.

हा आसूड आपल्या लोकशाहीत इतका जड कसा झाला, त्याची ही गोष्ट.

(दृश्य: संविधान सभेची जुनी छायाचित्रं.)

१९५० साली संविधान लागू झालं, तेव्हा त्यात राजकीय पक्षांचा उल्लेखच नव्हता. राष्ट्रपती होते, संसद होती, बहुमत होतं. पण ते बहुमत जमवतं कोण, दर पाच वर्षांनी उमेदवार कोण देतं, मंत्रिमंडळ कोणाच्या बैठकीत ठरतं, यावर संविधान गप्प. मतदार उमेदवाराला निवडून देतो आणि उमेदवार सभागृहात स्वतःच्या बुद्धीनं मत देतो, असंच गृहीत. प्रत्यक्षात १९५२च्या पहिल्या निवडणुकीपासून लोक बैलजोडीच्या पेटीत मत टाकत होते, झोपडीच्या पेटीत टाकत होते. माणूस पुष्कळदा नंतर कळायचा.

काँग्रेसचं राज्य सगळीकडे होतं तोवर हे झाकून गेलं. पक्ष एकच, आणि भांडणं त्याच्या पोटात. १९६७ला ते पोट फुटलं. अनेक राज्यांत काँग्रेसचं बहुमत गेलं आणि दोन-चार आमदारांच्या हातात सरकार पाडायची ताकद आली.

हरियाणात हसनपूरचे आमदार होते गया लाल. अपक्ष निवडून आलेले, मग काँग्रेसमध्ये गेलेले. पंधरा दिवसांत त्यांनी तीनदा पक्ष बदलला. काँग्रेसमधून संयुक्त आघाडीत, तिथून परत काँग्रेसमध्ये, आणि काही तासांतच पुन्हा आघाडीत. त्यांना पत्रकारांपुढे उभं करून राव बिरेंद्र सिंह म्हणाले, गया राम आता आया राम झालेत. तेव्हापासून आयाराम-गयाराम हे दोघं आपल्या भाषेत कायमचे मुक्कामाला आले.

लोकसभेनं यावर समिती नेमली. अध्यक्ष होते तेव्हाचे गृहमंत्री, यशवंतराव चव्हाण. या समितीच्या अहवालातली एकच नोंद सगळं सांगून जाते. सात राज्यांतल्या २१० फुटीर आमदारांचा हिशेब मांडला, तर त्यातले ११६ जण त्यांच्याच फुटीतून उभ्या राहिलेल्या सरकारांत मंत्री झाले होते. निम्म्याहून जास्त! तत्त्वाचा प्रश्न, विकासाचा प्रश्न, मतदारसंघाच्या निधीचा प्रश्न, ही कारणं आजचीच आहेत असं वाटत असेल तर तसं नाही. तेव्हाही हीच होती.

चव्हाण समितीनं १९६९ला अहवाल दिला. कायदा व्हायला १९८५ उजाडलं. मधल्या काळात १९७८च्या जुलैत महाराष्ट्रानंही आपला अध्याय लिहिला. वसंतदादा पाटलांच्या मंत्रिमंडळातून शरद पवार बाहेर पडले आणि ३८व्या वर्षी पुलोद, म्हणजे पुरोगामी लोकशाही दल, या आघाडीचे मुख्यमंत्री झाले. ज्यांच्या अध्यक्षतेखाली पक्षांतरावरचा अहवाल निघाला, त्या यशवंतरावांचेच ते शिष्य. १९८०ला हरियाणात भजनलालांनी त्याच्यावर कडी केली. मुख्यमंत्री, मंत्री, आमदार, अख्खं जनता पक्षाचं सरकार उचलून काँग्रेसमध्ये नेलं. पाटी तेवढी बदलली.

(दृश्य: १९८५, संसद भवन.)

राजीव गांधींच्या मागे लोकसभेत चारशेहून जास्त खासदार होते. बावन्नावी घटनादुरुस्ती झटक्यात झाली, आणि दहाव्या परिशिष्टाच्या रूपानं राजकीय पक्ष पहिल्यांदा संविधानाच्या दारातून आत आला. आला तोच मालक होऊन.

परिशिष्ट सांगतं: आमदारानं किंवा खासदारानं आपणहून पक्ष सोडला तर पद गेलं. पक्षानं सांगितलं त्याविरुद्ध मत दिलं, किंवा मतदानाला दांडी मारली, तरी पद गेलं; फक्त पक्षानं पंधरा दिवसांत माफ केलं तर वाचलं. ही अट सरकार वाचवायच्या मतदानापुरती नाही. एखाद्या साध्या विधेयकावर पक्षानं व्हिप काढला तरी तीच शिक्षा.

ब्रिटनमध्ये काय होतं बघा. १५ जानेवारी २०१९ला थेरेसा मे यांचा ब्रेक्झिट करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला. विरोधात मत देणाऱ्यांत त्यांच्याच पक्षाचे ११८ खासदार होते. दुसऱ्या दिवशी अविश्वास ठराव आला, तेव्हा तेच बंडखोर त्यांच्या मागे उभे राहिले आणि सरकार टिकलं. धोरणावर नाही म्हणायचं आणि सरकारला हो म्हणायचं, या दोन गोष्टी तिथे वेगळ्या ठेवता येतात. आपल्याकडे त्या ११८ जणांच्या खासदारकीवर पहिल्याच दिवशी टांगती तलवार आली असती. दिनेश गोस्वामी समितीनं १९९०मध्येच सुचवलं होतं, की हा फास विश्वासदर्शक आणि तशाच मोजक्या मतदानांपुरता ठेवा. कुठल्याच सत्ताधारी पक्षानं ते मनावर घेतलं नाही. का घ्यावं? आसूड ज्याच्या हातात असतो त्याला तो कधी लांब वाटत नाही.

मग एवढं करून पक्षांतर थांबलं का?

कायद्यात एक पळवाट मुळातच होती. एक-तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर ती फूट मान्य, आणि दोन-तृतीयांश दुसऱ्या पक्षात गेले तर ते विलीनीकरण. म्हणजे किरकोळ विक्रीला बंदी, घाऊक व्यापाराला परवाना. २००३च्या एक्क्याण्णवाव्या घटनादुरुस्तीनं एक-तृतीयांशाची वाट बुजवली आणि मंत्रिमंडळाचा आकारही सभागृहाच्या पंधरा टक्क्यांवर आणला. दोन-तृतीयांशाची वाट मात्र उघडीच राहिली.

ही वाट कशी वापरायची, ते गोव्याकडून शिकावं.

(दृश्य: पणजी, मांडवी. पलीकडे पर्वरीचं विधानसभा संकुल.)

चाळीस आमदारांची विधानसभा. एकेक मतदारसंघ एवढासा, की आमदार लग्नाला आला नाही तर लोक लक्षात ठेवतात. अशा ठिकाणी पक्षापेक्षा माणूस मोठा होतो आणि सरकारं दोन-तीन जणांवर झुलतात. १९९०ला तर सभापतींच्या खुर्चीत बसलेले लुईस प्रोत बार्बोझा स्वतःच काँग्रेसमधून फुटून मुख्यमंत्री झाले होते. रेफरीनंच गोल मारावा, तसं.

जुलै २०१९मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले. पंधराचे दोन-तृतीयांश बरोबर दहा. विरोधी पक्षनेते चंद्रकांत कवळेकर उपमुख्यमंत्री झाले. कागदोपत्री हे विलीनीकरण. काँग्रेस पक्ष दिल्लीत जिथल्या तिथे होता, देशभर निवडणुका लढवत होता. पर्वरीत मात्र तो भाजपमध्ये विलीन झाला होता! अपात्रतेच्या अर्जावर सभापतींचा निकाल आला एप्रिल २०२१ला: दहाही जण पात्र. उच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं फेब्रुवारी २०२२मध्ये, तेव्हा पुढच्या निवडणुकीचं मतदानसुद्धा होऊन गेलेलं होतं.

त्या निवडणुकीआधी काँग्रेसनं आपल्या उमेदवारांना बसमध्ये घातलं आणि देवदर्शनाला नेलं. पणजीची महालक्ष्मी, बांबोळीचा खुरीस (म्हणजे क्रूस), बेतीचा दर्गा. तिन्ही ठिकाणी शपथ: निवडून आलो तर पक्ष सोडणार नाही. संविधानाचं परिशिष्ट पुरत नाही म्हणून देवाला साक्षीला बोलवायची वेळ आली.

११ जण निवडून आले. १४ सप्टेंबर २०२२ला त्यातले ८ भाजपमध्ये गेले. माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत त्यांच्यात होते. शपथेचं काय, असं पत्रकारांनी विचारलं. मी देवळात जाऊन देवाला विचारलं, तो म्हणाला तुला योग्य वाटेल ते कर, असं त्यांचं उत्तर होतं. दहाव्या परिशिष्टात पंधरा दिवसांत माफी द्यायचा अधिकार पक्षाला आहे. देवाचा उल्लेख नाही.

कर्नाटकानं २०१९ला आणि मध्य प्रदेशानं २०२०ला आणखी सोपी युक्ती काढली: पक्ष सोडायचाच नाही, थेट आमदारकीचा राजीनामा द्यायचा. सभागृहाचं संख्याबळ घटतं, सरकार पडतं आणि पोटनिवडणुकीत नव्या चिन्हावर परत यायचं.

(दृश्य: पुन्हा मुंबई.)

महाराष्ट्रात जे झालं ते या सगळ्यांच्या पुढचं. इथे पक्ष सोडलाच नाही कुणी. जून २०२२ला एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले, आणि म्हणाले, आम्हीच शिवसेना. उद्धव ठाकरे म्हणाले, शिवसेना आमची. वर्षभरानं अजित पवारांनी राष्ट्रवादीत तेच सूत्र वापरलं. कायद्यानं सगळी ताकद पक्षाला दिल्यावर दुसरं काय होणार? भांडण आमदारांवरून उठलं आणि पक्षाच्या मालकीवर आलं.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ११ मे २०२३ला सांगितलं, की प्रतोद नेमायचा अधिकार मूळ पक्षाचा, विधिमंडळातल्या गटाचा नाही. गोगावलेंच्या नेमणुकीला अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा. राज्यपालांनी बहुमत सिद्ध करायला सांगणंही चूक. पण ठाकऱ्यांनी मतदानाला सामोरं न जाताच राजीनामा दिला, म्हणून ते सरकार परत आणता येणार नाही. आणि मूळ पक्ष कोणता? ते अध्यक्षांनी ठरवावं.

निवडणूक आयोगानं तोवर, फेब्रुवारी २०२३मध्येच, नाव आणि धनुष्यबाण शिंदेंना दिले होते. १० जानेवारी २०२४ला नार्वेकरांचा निकाल आला: फूट पडली तेव्हा शिंदे गट हीच खरी शिवसेना. पण अपात्र कुणीच नाही. ना इकडचे, ना तिकडचे. दोन परस्परविरोधी आदेश निघाले होते आणि शेवटी आमदारकी कुणाचीच गेली नाही.

(दृश्य: मतदान यंत्र, जवळून. नावांची रांग, चिन्हांची रांग.)

न्यायालयं, आयोग, अध्यक्ष यांच्या या फेऱ्या चालू असताना शरद पवारांच्या पक्षाच्या हातातून घड्याळ गेलं आणि तुतारी वाजवणारा माणूस हे नवं चिन्ह मिळालं. अपक्षांसाठीच्या यादीत पिपाणीही होती, आणि मराठीत तिचंही नाव तुतारीच छापलं गेलं होतं. २०२४च्या लोकसभेला दिंडोरीत पिपाणीवाल्या अपक्षाला एक लाखाहून जास्त मतं पडली. तरी तिथे शरद पवारांचा उमेदवार निवडून आला.

साताऱ्यात तसं झालं नाही. तिथे त्यांचे शशिकांत शिंदे उदयनराजे भोसल्यांकडून सुमारे ३३ हजार मतांनी हरले. त्या मतदारसंघात पिपाणीच्या बटणावर ३७ हजार बोटं पडली होती.