तत्त्व कुठवर लागू पडते: सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासाविषयी

(बडोदे येथे मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

बडोद्यातल्या मराठी घरांमधून वैद्यक, नर्सिंग, दंतवैद्यक किंवा संख्याशास्त्र शिकलेली मुले-मुली आता सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची चौकशी करू लागली आहेत. पालकांचा पहिला प्रश्न नोकरीचा असतो आणि तो रास्तच आहे. परंतु आज मला त्याआधीच्या प्रश्नाविषयी बोलायचे आहे. दोन वर्षांत शिकायचे काय? माहितीपत्रकात साथरोगशास्त्र, जैवसंख्याशास्त्र, आरोग्य-अर्थशास्त्र, व्यवस्थापन अशी नावे असतात. माझ्या मते या सगळ्यांतून एकच कौशल्य अंगी बाणवायचे असते: एका ठिकाणी जे आढळले, त्यातले किती दुसऱ्या ठिकाणी लागू पडेल, हे पुराव्याने ठरवणे.

सुरुवात तुलनेपासून होते. केरळचा ढोबळ मृत्युदर, म्हणजे दर हजार लोकसंख्येमागे वर्षभरात होणारे सर्व वयांचे मृत्यू, बिहारपेक्षा जास्त आहे, हे ऐकून पहिल्या सत्रातला विद्यार्थी चकित होतो, कारण २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत हजार जिवंत जन्मांमागे बिहारात २७ अर्भके दगावली, तर केरळात ६. उलगडा वयोरचनेत आहे. केरळात वृद्धांचे प्रमाण मोठे आहे, आणि वृद्ध अधिक असतील तिथे दरवर्षीचे मृत्यूही अधिक असणार. दोन्ही राज्यांची वयोरचना एकसारखी धरून पुन्हा हिशेब मांडला, म्हणजे चित्र पालटते. भागाकारात खाली कोणती लोकसंख्या घेतली आहे, हे विचारण्याची सवय ज्याला लागली नाही, त्याने पुढची कितीही सूत्रे पाठ केली तरी तो फसणार.

आता सुरतेकडे वळतो, कारण आंतरराष्ट्रीय नियम का लागतात हे समजून घ्यायला आपल्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्यालयी, जिनिव्हापर्यंत जावे लागत नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली आणि लाखो माणसे शहर सोडून निघाली. उत्तरेकडे जाणारा रेल्वेमार्ग तर बडोद्यावरूनच जातो, तेव्हा इथल्या ज्येष्ठांना ते दिवस आठवत असतील. देशभरातील मृत्यूंचा आकडा साठच्या आत राहिला. तरीही अनेक देशांनी भारताची विमाने थांबवली आणि माल नाकारला, जरी जागतिक आरोग्य संघटनेने प्रवासबंदीची शिफारस केलेली नव्हती. साथींची माहिती देशांनी एकमेकांना कशी द्यावी हे ठरवणारे त्या वेळचे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम १९६९ चे होते आणि त्यांत कळवणे बंधनकारक असे तीनच आजार उरले होते: पटकी, प्लेग आणि पीतज्वर. प्रामाणिकपणे कळवणाऱ्या देशाचा व्यापार बुडत असेल, तर पुढच्या वेळी तो देश कळवायला कचरेल, हा त्या व्यवस्थेतला मूळ दोष होता. १९९५ साली जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे या संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने, नियमांच्या फेररचनेचा ठराव केला. २००३ च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीनंतर त्या कामाला वेग आला आणि २००५ चे नियम १५ जून २००७ पासून लागू झाले.

या नियमांचे दुसरे परिशिष्ट प्रत्येक विद्यार्थ्याने एखाद्या खऱ्या घटनेला लावून पाहावे. त्यात चार प्रश्न आहेत. घटनेचा आरोग्यावरील परिणाम गंभीर आहे का? ती अनपेक्षित किंवा वेगळी आहे का? ती दुसऱ्या देशांत पसरण्याचा मोठा धोका आहे का? प्रवास किंवा व्यापारावर निर्बंध येण्याचा मोठा धोका आहे का? निदान दोन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली, तर मूल्यमापनानंतर २४ तासांच्या आत जागतिक आरोग्य संघटनेला कळवावे लागते. सुरतेसारख्या घटनेला आज हे प्रश्न लावावेच लागतील. फुफ्फुसाचा प्लेग आजही अशा यादीत आहे, ज्यातील आजारांची चाचणी या चार प्रश्नांवर करावीच लागते. चौथा प्रश्न मला विशेष मोलाचा वाटतो, कारण इतर देशांची भीती हादेखील विचारात घेण्याजोगा धोका आहे, हे त्यात लेखी मान्य केले आहे. शिफारशीपलीकडे जाऊन मोठे निर्बंध घालणाऱ्या देशाने त्यामागचे शास्त्रीय कारण ४८ तासांत द्यावे, अशीही अट आहे. २०२० मध्ये कोविडच्या साथीत अनेक देशांनी तिची फारशी पर्वा केली नाही, आणि दंड करण्याची सोय नसलेला कायदा कशाच्या बळावर चालतो, हा वर्गात खूप वेळ देण्याजोगा प्रश्न आहे.

तत्त्वांचा प्रवास केवळ पश्चिमेकडून आपल्याकडे होतो, असा समज घेऊन कोणी परदेशी जाऊ नये. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या लोंढ्यात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यायचे सलाईन अपुरे पडल्यावर मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे द्रावण नातेवाइकांच्या हाती दिले, आणि पटकीने मरणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. ग्लुकोजच्या सोबतीने आतडे सोडियम शोषून घेते, ही क्रिया जगात कुठेही तीच. पाणी कोणते, माप कोणाचे, पाजणार कोण, हे मात्र प्रत्येक गावी नव्याने ठरवावे लागते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांकडून नवजात बालकांची घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर गृहभेटी सुरू झाल्या. मूळ प्रयोगात जंतुसंसर्ग ओळखून त्या स्त्रिया प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत असत. देशव्यापी योजनेत ते आशांच्या हाती आले नाही. म्हणून गडचिरोलीचे निष्कर्ष या योजनेला जसेच्या तसे चिकटवता येत नाहीत. तिचे मूल्यमापन स्वतंत्रपणे करावे लागते.

प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्यांना मी जवळचे उदाहरण देतो. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यातील एकूण मृत्यूंची आजूबाजूच्या वर्षांतील मे महिन्यांशी तुलना केल्यावर १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. उष्माघात असे कारण लिहिलेले दाखले मोजून हा आकडा कधीच हाती लागला नसता. पुढे २०१३ मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा अमलात आणला. जास्तीचे मृत्यू मोजण्याची ही रीत बडोद्यात तशीच वापरता येईल. धोक्याच्या इशाऱ्यासाठी अहमदाबादेने ठरवलेले तापमान मात्र आपण न तपासता उचलू नये, कारण हवेतील दमटपणा, घरांची छपरे, उन्हात काम करणाऱ्यांची संख्या आणि रात्रीचा गारवा शहरागणिक बदलतो. ज्याला हा विषय घ्यायचा आहे, त्याने प्रथम महानगरपालिकेकडून मृत्युनोंदणीचे दिवसवार आकडे रीतसर मागावेत, हवामान खात्याच्या नोंदी त्यांच्या शेजारी मांडाव्यात, आणि कोणत्या अंशापासून मृत्यू वाढू लागतात हे वयोगटवार तपासावे. नोंदणी उशिरा होत असेल, तर मृत्यूची तारीख आणि नोंदणीची तारीख यांतली गल्लत आधी निस्तरावी लागेल. पहिले कित्येक आठवडे त्यातच जातील.